दाराखालचा गंज

खंडेनवमीला आमच्या घरी विळे, कोयते, कुदळी धुऊन अंगणात ओळीने मांडतात. गेली काही वर्षं त्या ओळीच्या टोकाला गाडीही उभी असते. तिला बाबा स्वतः धुतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला फक्त पाण्याची नळी धरायची परवानगी असते.

त्या नवमीला नळी धरून मी मागच्या डाव्या दाराशी वाकले होते. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसला, पापड तळताना फुगतो तसा. मी सहज नखाने दाबून बघितलं. नख आत गेलं. तपकिरी रंगाची एक जाड खपली सुटली आणि साबणाच्या बादलीत पडली.

बाबांनी ती बादलीतून काढली, उन्हात धरून बघितली आणि खिशात घातली.

"कातडं गेलंय," ते म्हणाले. "हाड चांगलं हाय."

हाड चांगलं आहे हे कशावरून, असं मी विचारलं.

"चालतेय ना?"

एरवी तो विषय तिथेच संपला असता. पण माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला होता. तिचं सासर घाटावर, लोणावळ्याच्या पुढे. सासरी ओटी भरून झाली की पहिल्या बाळंतपणासाठी तिला आमच्याकडे, कडावला आणायचं ठरलं होतं. लेकीला आपल्या गाडीतून आणणार, असं बाबांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. दिवाळीच्या आधीचा एक दिवसही दोन्ही घरांनी मिळून ठरवला होता. म्हणजे जिच्या दारात माझं नख शिरलं होतं, तीच गाडी बहिणीला घेऊन घाट उतरणार होती.

ही गाडी आमच्याकडे नवीन आलेली नाही. बाबा भातशेती करतात आणि नदीकाठच्या एका फार्महाऊसची राखणही करतात. तिथले मालक मुंबईचे, शनिवार-रविवारचे येतात. त्यांनी मोठी गाडी घेतली तेव्हा ही छोटी बाबांना दिली. बाबा गाडी शिकले तेही हिच्यावरच, फार्महाऊसच्या आवारात आंब्याच्या झाडापासून फाटकापर्यंत पुढे-मागे करत. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी या गाडीसाठी ते फाटक उघडलं होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. शाळा कर्जतला झाली, कॉलेजला रसायनशास्त्र घेतलं आणि आता रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. मुलीला एवढं शिकवून काय करणार, असं लोक विचारायचे तेव्हा बाबा सांगायचे, "तिला बघायचं हाय ते बघू दे." शिक्षणाबद्दल याहून मोठं वाक्य ते कधी बोलले नाहीत. मला ते पुरलं.

गंज कसा तयार होतो ते मला नववीपासून पाठ आहे. लोखंड, हवा आणि पाणी. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि माझे गुण कधी जायचे नाहीत. पण बादलीतून निघालेली ती खपली बघताना लक्षात आलं, की गंज चढल्यावर मागे किती लोखंड उरलं, आणि जे उरलं ते पुरेसं आहे का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

दसरा झाल्यावर मी विचारायला सुरुवात केली. कर्जतला गाड्या रंगवणाऱ्याने दाराकडे बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, पुट्टी भरून रंग मारतो, परवा घेऊन जा, ओळखू येणार नाही. शेजारच्या काकांचं मत याच्या अगदी उलट. ते कुंपणाला टेकून बाबांना म्हणाले, "भंगारवाल्याला दे, किलोवर घेईल. लेकीला यष्टीनं आण." त्या दिवशी जेवताना बाबा आईशीही धड बोलले नाहीत.

दोन्ही मतं मला सारखीच विचित्र वाटली. दोघांनीही तेवढंच दार बघितलं होतं. एकाला ते झाकायचं होतं, दुसऱ्याला त्याच्यावरून गाडी मोडीत काढायची होती. आत काय आहे ते बघायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

आमच्या कारखान्यात देखभाल विभागाचे एक इंजिनियर आहेत. दरवर्षी ते सगळ्या टाक्या आणि पाइप तपासतात. बाहेरून लालभडक झालेला पाइप कधी कधी ते तसाच ठेवतात आणि रंगवलेला, चकचकीत दिसणारा पाइप बदलायला लावतात, हे मी बघितलं होतं. मी त्यांना चहाच्या वेळी गाठलं आणि गाडीचं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, गाडीत कोण बसणार आहे. मी सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गंज किती आहे ते नंतर बघा," ते म्हणाले. "कुठला भाग तुटला तर माणूस मरेल, तो आधी शोधा."

मग त्यांनी कागदावर गाडीचं पोट काढून दाखवलं. दरवाजा, बॉनेट, मडगार्ड हे अंगावरचे कपडे, ते फाटले तरी चालतं. जीव अडकलेला असतो तो चाकं जिथे धरलेली असतात तिथे, ब्रेकच्या नळ्यांत, सीटचे आणि पट्ट्यांचे बोल्ट जिथे आवळलेले असतात त्या पत्र्यात, आणि दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेटीत. त्या पेटीला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. अपघातात बाजूचा मार तीच पेटी झेलते, असं त्यांनी सांगितलं. तो कागद मी घरी नेला नाही, पण चित्र डोक्यात राहिलं.

रविवारी सकाळी बाबांनी गाडीची डावी चाकं खळ्याच्या उंच कडेवर चढवली आणि बाकीच्या चाकांना दगड लावले. मी ताडपत्रीवर आडवी झाले. हातात लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या मुठीने मी पुढच्या चाकापासून ठोकत मागे निघाले. बाबा बाहेर उकिडवे बसून ऐकत होते. चांगला पत्रा टणटण वाजतो. आई भांडी घासता घासता ओट्यावरून म्हणाली, "मडकी घ्यायला निघालीत काय गं दोघं?"

पुढचा भाग वाजला. गाडीचा मधला तळही वाजला, वर लालसर पापुद्रा होता तरी. मला बरं वाटायला लागलं होतं. पण मागच्या दाराखाली आले आणि आवाज बसला. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. मी पुन्हा ठोकलं. बाबांनी गाडीला खांद्याने हलकासा धक्का दिला, आणि पेटीच्या आत पाणी डुचमळलं.

आम्ही दोघांनी ते ऐकलं. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, गाडी धुतल्यालाही.

पेटीच्या तळाशी बोटाने चाचपताना एक टणक गोळा लागला. काळा, डांबराचा. पत्र्याचं छप्पर गळतं तिथे लावतात ते डांबर. मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो उचकटला. चहाच्या रंगाचं पाणी माझ्या मनगटावरून थेट बाहीत शिरलं आणि थांबेचना. पुढे हातभर अंतरावर तसाच दुसरा गोळा होता. दाराच्या खालच्या कडेलाही बारीक बारीक गोळे होते.

मी बाहेर आले आणि विचारलं, ही भोकं कुणी बुजवली.

"मी," बाबा म्हणाले. "दर साली, आवणीच्या आधी. खालून चिखलपाणी आत जाऊ नाय म्हणून."

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली की चार महिने बाबांचं लक्ष भोकांवर असतं. बांधात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं करतात. एक बीळ नजरेतून सुटलं तर सकाळपर्यंत अख्खं खाचर रिकामं होतं. म्हणून बाबा रोज बांधावरून चालतात, हातात चिखलाचा गोळा घेऊन. भोक दिसलं की बुजवायचं, यात विचार करायचा नसतो. गाडीच्या पोटाखाली असली भोकं आहेत हे तिच्या पहिल्या मालकांना बहुतेक माहीतही नसेल. बाबांनी ती सगळी शोधून काढली होती आणि एकही सोडलं नव्हतं.

"पण आत पाणी येतंच कुठून?" त्यांनी विचारलं. ते स्वतःची बाजू मांडत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मलाही नीट माहीत नव्हतं. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंचे सगळे गोळे काढले आणि करून बघितलं. बाबांनी तांब्याने काचेवर पाणी ओतलं आणि मी खाली डोकं घालून बघत राहिले. काचेवरचं पाणी खालच्या रबराच्या फटीतून दारात उतरत होतं, आणि आता मोकळ्या झालेल्या भोकांतून थेंब थेंब बाहेर येत होतं. मग मी ओतलं आणि बाबांनी खाली बघितलं. मग त्यांना पुढच्या दाराचंही बघायचं होतं. पुढच्या काचेच्या खालून पाणी कुठे जातं, पाय ठेवायच्या गालिच्याखाली ओल का येते, रनिंग बोर्डात ते नेमकं कुठून उतरतं, हे सगळं शोधत आम्ही तांब्यामागून तांब्या ओतत होतो. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. पाणी आत येऊ नये अशी सोय गाडी बनवणाऱ्यांनी केलेलीच नव्हती. आलेलं पाणी निघून जावं, एवढी केली होती.

शेवटी बाबा दगडावर बसले. "बांधाला मोरी ठेवतोच की मी," ते म्हणाले. "हिलापण ठेवायला पायजे होती."

खालापूरच्या अलीकडे, खोपोलीच्या रस्त्याला एक गॅरेज आहे. तिथे गाडी वर उचलायची लिफ्ट आहे, म्हणून आम्ही तिथे गेलो, अगदी सावकाश. मेस्त्री बाबांच्याच वयाचा. गाडी वर गेल्यावर तो खालून चालत प्रत्येक ठिकाणी अंगठा दाबत होता. दाराची कड, मडगार्ड, बंपरच्या मागचा पत्रा: हे दिसायला वाईट, गाडीला त्याचं काही नाही, असं म्हणत तो पुढे सरकत गेला. मागच्या डाव्या चाकाच्या पुढे थांबला. तिथे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात बोल्टने गाडीच्या अंगाला जोडलेला असतो. त्याने रनिंग बोर्डाच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बोल्टाची जागा तिथून वीतभरही लांब नव्हती. शेजारून जाणारी ब्रेकची नळीही त्याने फडक्याने पुसून दाखवली. तिच्यावर खवले उठले होते.

"नळी बदलू," तो म्हणाला. "पत्र्याचं मात्र कापल्याशिवाय मी सांगणार नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं. लागला तर जोडतो."

"आणि नाय लागला तर?" बाबांनी विचारलं.

"मग अंगणात ठेवा, कोंबड्या बसतील."

बाबा हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काप."

कापताना मी शेजारी उभी होते. त्याने एक जुना चष्मा मला दिला होता. पेटीचा खालचा भाग निघाला तेव्हा आतून ओंजळभर खपल्या पडल्या, पानाच्या चुऱ्यासारख्या. मेस्त्री थोडं थोडं कापत होता आणि दर वेळी कड घासून बघत होता. कड तपकिरी निघाली की आणखी कापायचा. माझं लक्ष फक्त त्या कडेच्या रंगाकडे होतं. एका ठिकाणी घासल्यावर ती पांढरी चमकली. तो आणखी जरा पुढे घासून आला. तिथेही पांढरी. मग त्याने बोल्टामागची जाड पाटी घासली. तिच्यावर गंज होता पण तो वरचाच निघाला. हातोड्याचे दणके दिल्यावर पाटी खणखणीत वाजली आणि कुठे दबली नाही.

"जोडतो," तो म्हणाला.

नवीन पत्रा बसवायला आणि नळी बदलायला काही दिवस गेले. घ्यायला गेलो तेव्हा बाबांनी आधी खाली वाकून विचारलं, भोक ठेवलंय ना. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मेस्त्री वैतागला. "ठेवलंय हो. तुम्ही बुजवू नका म्हणजे झालं."

इंजिनियरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. दुरुस्त केलेला पाइप लगेच कामाला लावत नाहीत. त्यात आधी पाणी भरतात, पुढे जेवढा दाब येणार त्याहून जास्त देतात, आणि मग सांध्याकडे बघत बसतात. हे मी जेवताना बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बाबांनी मागच्या सीटवर आणि डिकीत भाताची पोती भरली होती. सीटवरच्या पोत्यांना पट्टेही लावले होते. शेजारचे काका कुंपणाशी आलेच. पोती ओटी भरून चाललीत का, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, हां, सातवा लागलाय त्यांना.

नदीकडचा खड्ड्यांचा रस्ता आम्ही जाऊन-येऊन दोनदा केला. मोकळ्या ठिकाणी बाबांनी जोरात ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ थांबली, एका बाजूला ओढली गेली नाही. घरी येऊन पुन्हा खळ्याच्या कडेवर चढवली आणि मी खाली शिरले. जोडाला चीर नव्हती. नळीला ओल नव्हती. मुठीने ठोकलं तर डावी बाजू उजवीसारखीच वाजली.

संध्याकाळी बाबा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"आता सांग, बाय. घाट उतरंल?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मलाही तेच म्हणायचं होतं. पण प्रयोगशाळेत मी जे मोजलं तेवढंच लिहिते. आम्ही मोजला होता तो सपाट रस्ता. लांब उतार, पायाखाली तापलेले ब्रेक, पुढे-मागे ट्रक आणि मध्येच जोरात थांबायची वेळ, यातलं काहीच आम्ही बघितलं नव्हतं. कापलेला तुकडा आम्हाला दिसला होता. उजव्या बाजूच्या पेटीत आत काय आहे ते फक्त आवाजावरून माहीत होतं. सपाट रस्त्यावर मी स्वतः बसेन आणि तिलाही बसवेन, एवढं मला सांगता येत होतं.

"घाटाचं मला माहीत नाही, बाबा."

आत आई बहिणीशी फोनवर बोलत होती. तिला काय काय खावंसं वाटतंय त्याची चौकशी चालली होती.

"माहीत नाय म्हंजे नाय," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "घाट रेल्वेनं उतरू. ठेसनापासून आपली गाडी."

ठरलेल्या दिवशी त्यांनी गाडी कर्जत स्टेशनबाहेर लावली आणि सकाळची रेल्वे पकडून वर गेले. मी कामावरून जरा लवकर निघून स्कूटरने स्टेशनवर पोचले. दोघं जिन्यावरून उतरताना दिसली. बाबांच्या एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हाताने तिचं कोपर धरलेलं. बहीण फुललेली दिसत होती आणि जिन्यावरूनच मला ओरडून भूक लागल्याचं सांगत होती.

बाबांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि पट्टा पोटाच्या खालून घ्यायला लावला. हे त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. मग ते निघाले, आणि त्यांच्यामागे स्कूटरवर मी.

कर्जत ते कडाव ते इतके हळू गेले की सायकलवाले पुढे निघून जात होते. भातं पिवळी झाली होती, काही ठिकाणी कापणी सुरू झाली होती. मी त्यातलं फारसं काही बघितलं नाही. माझी नजर डाव्या मागच्या चाकावर होती. गतिरोधकावरून ते वर आलं की मी श्वास धरायचे आणि सरळ खाली उतरलं की सोडायचे. एकदा बहिणीने खिडकीतून मान बाहेर काढून हातानेच विचारलं, काय झालं. मी हातानेच सांगितलं, काही नाही.

घरासमोर आई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. बहीण उतरली. आईने तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. शेजारचे काका-काकूही आले होते. काकूंनी बहिणीची अलाबला घेतली. काका गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन नवीन पत्रा वाकून बघत होते.

"केवढी हळू चालवली बाबांनी," बहीण मला म्हणाली. "गाडी बिघडलेय का?"

मी काही बोलायच्या आत बाबांनीच उत्तर दिलं. "गाडीला काय नाय झालं गं. तुझी ताई मागनं बघत होती ना. जोरात नेणार कशी?"

मग ते काकांकडे वळले आणि त्यांना खाली बसवून पत्र्यातलं भोक दाखवायला लागले. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठून जायला पाहिजे, सगळं हाताने दाखवत होते. काकांनी शंका काढली, खालून उडालेलं पाणी आत जाणार नाही का. बाबांनी आईला हाक मारून एक तांब्या पाणी मागितलं. बहीण भुकेली होती, तिला आत घेऊन मी जेवायला वाढलं. बाहेर काचेवर पाणी पडल्याचा आवाज येत होता.